मंडळीचा वानोळा

“नखानं नको खरवडू, फुटंल ते,” आई म्हणाली. “ओलं फडकं घे.”

तेलाच्या पाकिटांवर चिकटवलेले कागद मी काढत होते. कागदावर नागपूरच्या एका मोठ्या ख्रिस्ती मंडळीचं नाव होतं, खाली शास्त्रातलं वचन आणि त्याखाली ‘गरजू कुटुंबांस सप्रेम’. डाळ-तांदळाची पाकिटं आईनं केव्हाच फोडून घरातल्या डब्यांत रिकामी केली होती. तेल तसं ओतून ठेवता येत नव्हतं, म्हणून हा उद्योग.

“देणाऱ्यांनी खर्च करून छापलंय, आई. त्यांचं नाव कळायला नको?”

“देवाले कळलं ना? मंग झालं. कागद काय वरनात शिजते?”

मी पुण्याहून थोड्या दिवसांसाठी आले होते. सिंदीतलं आमचं घर चर्चच्या आवाराला लागून आहे, आणि बाबा गेल्यापासून आई तिथं एकटीच राहायची. दर शनिवारी तिच्याकडे मुठीचं धान्य जमायचं. मंडळीतल्या बायका स्वयंपाक करताना तांदळाची किंवा डाळीची एक मूठ बाजूला काढून ठेवत आणि आठवड्याचं साठलेलं आईला आणून देत. अलीकडे त्यात नागपूरच्या पाकिटांची भर पडली होती.

मागच्या वर्षी पाळकसाहेबांनी या सगळ्याचं रीतसर वाटप ठेवलं होतं. मांडव, खुर्च्या, फलक. मागच्या गल्लीतली गोपिकामावशी रांगेत उभी होती. तिचा नवरा वारला होता, मुलगा-सून कामासाठी परगावी गेले होते, कंबर गेल्यामुळे कापूस वेचायला जाणं होत नव्हतं आणि रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर तिचा झिजलेला अंगठा उमटत नव्हता. फोटोसाठी कुणीतरी मोबाइल वर धरला, तेवढ्यात रस्त्यावरून एकजण ओरडला, “काय वो गोपिकाबाई, बाप्तिस्मा कवा हाय?” ती रांगेतून निघून गेली. तिच्यामागून आणखी काहीजणी गेल्या. सामान तसंच पडून राहिलं.

“साहेब, तुमी प्रार्थना करा,” आईनं पाळकसाहेबांना सांगितलं. “वाटाचं काम माह्याकडे द्या.”

तेव्हापासून ते धान्य वानोळा म्हणून जाऊ लागलं. वाडीतली पहिली वांगी, उन्हाळ्यातल्या कुरडया, नवा गूळ जसा शेजारीपाजारी पाठवतात, तसं. वानोळा कुणी नाकारत नाही आणि त्याचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. गोपिकामावशीकडून डब्यात कधी कढीपत्ता यायचा, कधी शेवग्याची फुलं. एकदा तिच्याकडे काहीच नव्हतं, तर तुळशीची पानं आली. आईनं ती चहात टाकली आणि तोच चहा पाळकसाहेबांनाही पाजला.

त्या शनिवारी संध्याकाळी मी आईबरोबर गेले.

“गोपिका, झोपली काय वो?”

“दिवेलागणीले झोपाले मी काय कोंबडी हाय? या. पोरगी कवा आली?”

“झाले तीन-चार दिस. पुस्तक घेऊन बसते अन मले म्हनते, आई, तू बी बस. बसून काय अंडे देऊ?”

दोघी हसल्या. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. परत निघायचंच होतं, म्हणून चपला काढल्या नव्हत्या.

“हे घे. मंडळीचा वानोळा.”

“काऊन आनता वो दर खेपी?”

“तुह्या झाडाचा कढीपत्ता काऊन खातो मंग आमी? ते सांग पयले.”

परतताना आई वाटेत एकदा थांबली. मी फोनवर कुणाला तरी उत्तर लिहीत होते. वर पाहिलं तेव्हा तिनं शेजारच्या घराची भिंत धरलेली होती. “उन्हाळा लय हाय,” ती म्हणाली आणि चालू लागली. रात्री तिनं पातळ पिठलं केलं. मी पुस्तक वाचत वाचत जेवले.

सकाळी ती उपासनेसाठी तयार होऊन खुर्चीत बसली होती. पांढरं पातळ, मांडीवर बायबल. दुसरी घंटा झाली तरी ती उठली नाही.

दफनविधीला मंडळी जमली. गोपिकामावशी कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर बाभळीखाली उभी होती. सगळे बाहेर पडल्यावर ती आत गेली, मूठभर माती टाकून आली आणि माझ्याशी न बोलता घरी गेली.

सुरुवातीला मंडळीतल्या बायकांनी डबे आणले. “आता मी करून खाईन,” असं मी प्रत्येकीला नम्रपणे सांगितलं. प्रत्येकीला ते खरं वाटलं. मी एकदा कुकरमध्ये एकीपुरता भात लावला. शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, पण झाकण उघडावंसंच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गाईला घातला. पुढे चहा आणि टोस्टवर भागत राहिलं. आईच्या नावानं भेटायला आलेल्या माणसांना मी पाणी द्यायचे, बसा म्हणायचे, आणि ती गेली की दार लावून घ्यायचे.

शनिवारी मुठीचं धान्य आलंच. पाळकबाई पिशव्या ठेवून म्हणाल्या, “साहेब म्हनत होते, आता कूपनं छापावी. तू तर जाशील पुण्याले.”

“यावेळी मी देऊन येते,” मी म्हटलं.

बाकीच्या घरांनी डबे घेतले. कुणी डोळे पुसले, कुणी “सुलोचनाबाईची पोरगी” म्हणून गालावरून हात फिरवला. गोपिकामावशीकडे शेवटी गेले. ती दारातच बसली होती.

“काय आनलं?”

“वानोळा. आई द्यायची तोच.”

“तुही माय द्याची. मी तिच्याघरी पापड लाटाले जायची, ती माह्या इथं चहा प्यायची, माह्या सुनेच्या बाळंतपनात ती इथं जागली. तुहं-माहं काय हाय, जया? तू परवा गाडीत बसशीन. तुह्या हातून घेतलं तं ते भीकच होते.”

“तसं नाही, मावशी. आई नसली तरी...”

“माहं जेवन झालं. जाय घेऊन.”

ती रागावलेली नव्हती. तिच्या मागे घरात चूल दिसत होती. सारवलेली, कोरडी. चुलीत मांजर निजलं होतं.

देणं आणि घेणं यावर मी पुष्कळ वाचलं आहे. त्या दारात त्यातलं एक वाक्यही कामाचं नव्हतं. डबा उंबऱ्यावर ठेवून निघून जाता आलं असतं. ती तो आत घेणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि मी निघून गेले की पुढच्या शनिवारी तिच्याकडे कुणीही येणार नव्हतं. कूपन घेऊन रांगेत तर ती कधीच उभी राहणार नव्हती.

डब्याचं ओझं हाताला जाणवत होतं. मी चपला काढल्या आणि तिच्यासमोर ओसरीवर बसले. बसताना डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून भिंतीला टेकले.

“काय झालं वो?” तिनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. “तोंड तं पाह्य कसं झालं. जेवली काय तू?”

आईही रोज फोनवर हेच विचारायची आणि मी हो म्हणायचे. वसतिगृहात होते तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, लग्न मोडल्यावर एकटी राहू लागले तेव्हासुद्धा. आईलाच सांगितलं नाही, मग दुसऱ्या कुणाला कधी सांगायचा प्रश्नच नव्हता. आताही तोंडात ‘हो’ आलं होतं.

“नाई,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “नाई जेवली, मावशी. आई गेली तवापासून एकटीनं घास उतरत नाई. त्याच्या आंधीबी उतरत नव्हता, मी कोनाले सांगितलं नाई. हे दोघीपुरतं शिजव ना. मले भूक लागली.”