हिर्डोशीच्या ऐनावर चढलेली करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी जुनी नाही. हिर्डोशीत येऊन मला दोनच पावसाळे झालेत. मी बॅटरीवर चालते. माझं पातं वीतभर, वजन भरल्या तांब्याएवढं आणि स्वभाव हट्टी.

पुण्याच्या दुकानात माझ्या शेजारी पेट्रोलवरची थोरली करवत असायची. टाकीत पेट्रोल ओतत राहिलं की ती दिवसभर चालते. माझी बॅटरी अर्धा तास कापते आणि मग गप्प बसते. दुसरी बॅटरी घ्यावी तर ती जवळजवळ माझ्याइतकीच महाग. म्हणून गिऱ्हाइकं मला उलटसुलट बघून परत ठेवायची. मला फार राग यायचा.

हिर्डोशीच्या छायाने मात्र मला परत ठेवलं नाही, कारण ती नडीला आली होती. आमच्या डोंगरात भाताचं रोप टाकायच्या जागेवर ऐनाच्या झाडाच्या तोडून वाळवलेल्या फांद्या जाळतात. त्याला राब म्हणतात. राब भाजला नाही तर रोप जोमानं येत नाही. छायाचे सासरे सोनबा आदल्या साली ऐनावरून पडले आणि त्यांच्या उजव्या हाताची मूठ वळेना. नवरा पुण्यात कंपनीत. सगळ्यांच्या फांद्या तोडून झाल्या, फाल्गुन सरत आला, आणि सोनबांनी सांगून टाकलं, "औंदा भात न्हाई. उद्या बैलं बघाया मानसं येत्यात."

त्याच संध्याकाळी छाया मला पिशवीत घालून एसटीने घरी आली.

"ह्ये खेळणं कुठनं आणलंस?" सोनबा म्हणाले. "ना धूर, ना आवाज. ह्यानं ऐन तुटतोय व्हय?"

"सकाळी बगा, मामा. राबापुरतं न्हाई निगालं तर खुशाल इका बैलं."

खेळणं! मी रात्रभर चार्जिंगला लागून धुमसत होते.

सकाळी लाईट गेलेली. म्हणजे होती तेवढीच बॅटरी. बांधावर तीन ऐन. छायाने कमरेला दोर बांधला, तो खोडाला आवळला आणि मला घेऊन वर गेली. मी पहिली फांदी लोण्यासारखी कापली. सोनबा खाली उभे राहून बघत होते. थोड्या वेळाने त्यांना राहवेना.

"बारीक डहाळ्यांना कशाला वापरतीस तिला? त्या म्या घेतो कोयत्यानं."

आणि खरंच डाव्या हातात कोयता घेऊन ते खाली पडलेल्या फांद्यांच्या डहाळ्या साळू लागले. जाड फांद्या माझ्या, बारीक त्यांच्या. दोन ऐन झाले. तिसऱ्यावर माझ्या बॅटरीचा शेवटचा दिवा लुकलुकायला लागला. ढीग अजून कमीच होता. छायाच्या हाताशी तिसऱ्या ऐनाचा शेंडा होता, पानांनी गच्च भरलेला. तेवढा मिळाला असता तर ढीग पुरा झाला असता. तिने मला शेंड्याला लावलं. मलाही तो हवाच होता.

"छाया, शेंडा नको," खालून सोनबा म्हणाले. "शेंडा गेला तर झाड गेलं."

थोरली असती तर तिच्या आवाजात हे ऐकूच आलं नसतं. छायाने बटण सोडलं आणि मी तिथल्या तिथे थांबले. ती खाली उतरली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"कमी पडलं, मामा."

सोनबा खाली बसले आणि डाव्या हाताने बांधावरचा पालापाचोळा ओढून ढिगावर घालू लागले. मग छायाही बसली. बैलांचं गिऱ्हाईक आलं तेव्हा दोघं पाचोळाच भरत होती. सोनबांनी मान वर न करता सांगितलं, "बैलं द्यायची न्हाईत. आमची लावणी हाये."

त्या वर्षी रोप चांगलं आलं आणि तिसरा ऐनही शेंड्यापासून पुन्हा फुटला.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. मला पावसाळ्यात ठेवून द्याल तेव्हा पुसून ठेवा, साखळीला तेल द्या, पण बॅटरी पार रिकामी करून ठेवू नका. तशी ती महिनोन्महिने पडून राहिली तर मरते. छायाने हे सोनबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मला हातात घेऊन नीट पाहिलं.

"म्हंजे हिचाबी शेंडा ठेवायचा," ते म्हणाले.

तेव्हापासून पावसाळ्याआधी तेच मला चार्जिंगला लावतात. माघ उजाडू दे, मी पुन्हा चढणार आहे.