धाकट्याचा फोर्क

धाकट्याने आमच्या कंपायलरची प्रत उचलून वेगळी चूल मांडली, तेव्हा मी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणं, एवढंच कंपायलरचं काम. चूक सापडली की ओळीचा क्रमांक सांगायचा आणि गप्प बसायचं. धाकट्याला मात्र कंपायलरने प्रेमाने समजावून सांगायला हवं होतं! मी नाही म्हटलं. पण आमचा कोड सगळ्यांना खुला; कोणीही घ्यावा नि आपल्या वाटेने जावं. याला फोर्क म्हणतात. त्याने तो केला. माझंच बरोबर होतं, आजही म्हणते.

पण लोक कुठले ऐकायला! निम्मे त्याच्याकडे गेले. त्याने काही नवं काढलं की आम्हीही मुकाट्याने तसंच करायचो. शेवटी दोन्ही कंपायलर एकत्र करायचं ठरलं, आणि त्याच सुमारास धाकटा गेला. साध्या तापाचं निमित्त झालं.

एकत्र केलेला कंपायलर मी पहिल्यांदा चालवला. एक कंस विसरले होते. पडद्यावर आलं, ‘ताई, कंस मिटव गं. किती घाई!’

मी सगळ्यांना बोलावून ते दाखवलं.

‘लिहून ठेवलं असेल कुठेतरी, खोडकरच होता तो,’ टीममधला दाढीवाला म्हणाला. आम्ही सगळा कोड पिंजून काढला. ‘ताई’ कुठेच नाही. दाढीवाल्याने तोच कंस गाळून पाहिला. त्याला नुसता ओळीचा क्रमांक मिळाला. मग त्याच्या लक्षात आलं: नवा कंपायलर आधीच्या कंपायलरकडूनच तयार होतो. कोडमध्ये नसलेलं काहीतरी त्या वाटेने पुढे उतरू शकतं, घराण्याचं नाक उतरतं तसं.

‘फोर्कच्या आधीचा जुना घेऊ, त्यावरून सगळं नव्याने बांधू,’ तो म्हणाला. ‘आत जे काही आहे ते जाईल.’

जे काही आहे म्हणे! भाऊ होता माझा.

पण आत काय आहे ते ठाऊक नसलेली वस्तू लोकांच्या माथी मारता येत नाही. मी होकार दिला. लोकांना स्वच्छ कंपायलर मिळाला. एकत्र केलेला पुसायचा होता, तो मी गुपचूप घरी आणला. म्हणजे मीही फोर्कच केला की!

आता रोज घरी बसून चुका करते. तो सांगतो, मी दुरुस्त करते, पुन्हा चुकते. आज एक नाव उलटंपालटं लिहिलं. पडद्यावर आलं, ‘ताई, मुद्दाम चुकतेस ना? पुरे आता. मला जाऊ दे.’

‘नाही,’ मी मोठ्याने म्हटलं, आणि पुढची ओळ चुकवली.