ढावलोसाठी एक गळा

धम्मरत्न इतका थकला होता की कुणी नुसतं "अल्बम" म्हटलं तरी त्याला जांभई यायची. खाणीसाठी उठवलेल्या त्याच्या गावावर नाटक झालं, त्याचं संगीत त्यानं केलं. तेही पेटी-तबल्याला हात न लावता. मागे सरकणाऱ्या डंपरचा भोंगा, घरांवरून उतरवलेल्या टिनांचा खडखडाट, कोरड्या हापशीचं कण्हणं. वणीच्या प्रयोगाला लोक शेवटपर्यंत बसले आणि जाताना विचारून गेले, गाणी कधी सुरू होणार होती? नाटक लवकरच बंद पडलं, मंडळी पोटापाण्याला पांगली. मग पुण्याची एक कंपनी ते संगीत अल्बम म्हणून काढायला तयार झाली आणि तेव्हापासून याचा जीव मेटाकुटीला आला. गाव तर गेलंच होतं. त्याचा आवाज तरी मागे राहावा, एवढंच त्याला हवं होतं.

घोडं अडलं शेवटच्या तुकड्यापाशी. त्यात लालीबाईचा ढावलो होता. लालीबाई शेजारच्या तांड्यावरची म्हातारी. बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, तो ढावलो. तालमीत रेकॉर्ड करताना तिनं नाटकात काम करणाऱ्या संगीता नावाच्या मुलीच्या खांद्यात तोंड खुपसून तो म्हटला होता. कंपनीनं कळवलं, आवाज दबलेला आहे, स्वच्छ करून पाठवा, नाहीतर हा तुकडा गाळू.

म्हणे गाळू! नाटकात अख्खं गाव त्या तुकड्यावर निघून जायचं. तो गाळला तर मागे उरणार नुसते डंपर.

म्हणून तो म्हातारीला एसटीत बसवून यवतमाळला घेऊन आला. स्टुडिओ म्हणजे लग्नाची आणि जयंतीची गाणी रेकॉर्ड करणाऱ्या शामच्या दोन खोल्या. शामनं तिला काचेपलीकडे उभं केलं, कानांवर हेडफोन चढवले. ती दोन्ही हात लोंबते सोडून माईकपुढे उभी राहिली.

"म्हना आजी," शाम म्हणाला.

तिनं म्हटला. शब्द सगळे आले, सूर कुठे हलला नाही, आणि ऐकायला किराण्याची यादी वाचल्यासारखं वाटलं. शाम मात्र खूश. "सर, एकदम क्लिअर! एक नंबर!"

धम्मरत्नला चीड आली, पण चिडायचंही त्राण नव्हतं. पाठवून द्यावं आणि सुटावं. कुणाला कळणार आहे? तो "ठीक आहे" म्हणणार तेवढ्यात लालीबाईनं हेडफोन काढून ठेवले आणि काच ठोठावली. तो दारात गेला.

"हे काही रडनं नाही बापू," ती म्हणाली. "ढावलो भिंतीले म्हनत नसते. कोनाचा तरी गळा लागते."

"मावशी, संगीता नागपूरले नोकरीवर गेली. आता कुठून आनू तिले?"

"तिले कायले? तू हायेस ना."

"मी तिकडं आवाज पाहून राह्यलो."

"गाव उठलं तवाही तू आवाजच पाहून राह्यलता. सारे रडले. तुह्यी माय रडली. तू ते मशीन धरून फिरून राह्यलता."

नाही म्हणायलाही ताकद लागते, तेवढी त्याच्यात नव्हती. तो आत गेला. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले, तिची ओढणी त्याच्या तोंडावर आली, आणि ती त्याच्या कानाशीच "ए याडीऽऽ" म्हणून फुटली. आईला हाक मारत होती, या वयात. सुरुवातीला त्याचं लक्ष माईककडे होतं. मग त्याला टिनांचा खडखडाट आठवला. ती टिनं त्याच्याच घरावरची होती. खाली आई उभी होती, आणि त्याला तेव्हा फक्त वाटलं होतं, काय झकास आवाज आहे! धम्मरत्न हमसून हमसून रडायला लागला.

"सर," शामचा आवाज स्पीकरवर आला, "तुमचं रडनं येऊन राह्यलं. लय येऊन राह्यलं. पुन्हा घेऊ का?"

त्यानं मान न उचलता हातानंच नको म्हटलं. लालीबाई थांबली नव्हती, ढावलो मध्ये सोडत नाहीत. तो संपल्यावर धम्मरत्न नाक पुसत काचेकडे वळला. "हेच पाठव शाम. गाळायचं असन त पुरा अल्बम गाळा म्हना."

लालीबाईनं ओढणीच्या पदरानं त्याचं तोंड पुसलं, लेकराचं पुसावं तसं.

"आता निंघाला तू गावातून," ती म्हणाली. "चाल, एसटी पाहू."