मैनाबाईंच्या फळीवरची टिपणवही

मी टिपणवही बोलतेय. कागदाची नव्हे, मोबाइलमधली. खरं तर बोलणं मला शोभत नाही. तोंड शिवून बसायचं हेच माझं काम, आणि त्यात मी पटाईत. जे लिहाल ते माझ्यापाशीच राहील, या बोलीवर मला कामाला ठेवलं होतं. आज ती बोली मोडतेय. एकदाच, आणि एका निरोपापुरती.

मला कुणी एकाने घडवलं नाही. कुठकुठल्या चार-पाच जणांनी फावल्या वेळात मिळून मला तयार केलं. दिसायला मी अगदी साधी. एक पांढरं पान आणि कोपऱ्यात घंटेचं चित्र. घंटा दाबून वेळ दिली की त्या वेळेला मी वाजते आणि आठवण करून देते. बाकी नट्टापट्टा मला जमत नाही.

सालवडला एका हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. तिथे चारुता आणि निमेश मोबाइल चालवणारी एक वेगळी यंत्रणा बनवत होते. माणसाची खाजगी गोष्ट फोनबाहेर जाऊ द्यायची नाही, एवढाच त्या यंत्रणेचा बाणा. फोन हातात आला की त्यात टिपणं लिहायला एक ॲप आधीपासून हवं, आणि ते कुठलं यावरून त्यांचं अडलं होतं. सतरा जणींना नापास करून शेवटी दोघी उरलो. मी आणि माझी सवत.

सवत लिहिलेल्या प्रत्येक ओळीची प्रत कुठल्यातरी दूरच्या संगणकावर ठेवायची. निमेश तिच्या बाजूचा. फोन पाण्यात पडला, माणूस कुलपाचा आकडा विसरला, तर लिहिलेलं सगळं बुडेल, असं तो परत परत सांगत होता. चारुता हटेना. प्रत ठेवली म्हणजे किल्ली दुसऱ्याच्या घरी गेलीच, असं तिचं म्हणणं. वर आणखी एक हट्ट. फोनला कुलूप असताना मी वाजले, तर पडद्यावर फक्त ‘एक आठवण’ एवढंच दिसायचं, आतलं अक्षरही नाही. दोन दिवस जुंपली होती. शेवटी निमेश म्हणाला, ठेव बाई तुझीच. मला छाती असती तर फुगली असती.

मग पाच फोन आपल्याच माणसांना वापरून बघायला दिले. त्यातला एक चारुताने तिच्या वडिलांना दिला. मारुती त्यांचं नाव. दांडी गावात किनाऱ्यालगत घर, एक छोटी होडी, आणि जाळं टाकायला एकटेच जायचे.

समुद्रात पाटी लावलेली नसते. किनाऱ्यावरच्या कारखान्याची चिमणी, देवळाचा झेंडा, लांबचा डोंगर, असं एकावर एक धरून जागा ओळखतात. या खुणा घराण्याच्या. बाप मुलाला सांगतो, तेही होडीत बसून. मारुतींना मुलगी एकच, त्यामुळे खुणा त्यांच्याच डोक्यात राहिल्या. आणि वर्षभरापासून डोकं दगा द्यायला लागलं होतं. ते कुणाला बोलले नाहीत, पण चारुताला एक विचारलं.

“यात लिवलं तर तुला पण नाय दिसणार?”

“मलाही नाही, बाबा. कुणालाच नाही.”

ते किती खूश झाले म्हणून सांगू! त्या दिवसापासून होडीत चढण्याआधी ते एका बोटाने मला सांगायचे, आज कुठल्या खुणेवर चाललोय. जोडाक्षर आलं की थांबायचे, शोधायचे, पुटपुटायचे. मग निघायची वेळ देऊन घंटा लावायचे. मी वाजले की लिहिलेलं एकदा वाचून मला देवाच्या फळीवर ठेवून, म्हणजे पाण्यापासून लांब, बाहेर पडायचे. खुणा कुठल्या ते विचारू नका. ते मी सांगणार नाही.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात असेच सकाळी अकराला लिहून गेले आणि आले नाहीत.

गावातल्या होड्या तीन दिवस शोधत होत्या. पण शोधणार कुठे? कुठल्या खुणेवर गेलेत ते फक्त मला माहीत, आणि मी कुलपात. कुलूप माझं नव्हे, यंत्रणेचं. त्याचा आकडा मलाही ठाऊक नाही. दहा वेळा चुकलं की फोन स्वतःला कोरा करतो, हेही चारुतानेच ठरवलेलं. तिने स्वतःची जन्मतारीख घातली, होडीचा नंबर घातला, आईबाबांच्या लग्नाची तारीख घातली. नऊ वेळा चुकली. दहाव्यांदा तिचं बोट पडद्यावर टेकलं नाही. ती फळीखाली बसून रडली. मी तिला ओरडून सांगितलं असतं हो, पण माझं तोंड तिनेच शिवलेलं. चौथ्या दिवशी वैतरणेच्या खाडीच्या तोंडाशी त्यांचं वल्हं मिळालं.

घंटा मात्र त्यांच्या हातून ‘रोज’वर राहिली होती. मी रोज अकराला वाजायची. पडद्यावर ‘एक आठवण’. मैनाबाई, म्हणजे चारुताची आई, हातातलं काम टाकून यायच्या, बघायच्या, पदराने काच पुसायच्या. बोईसरच्या बाजाराला जाणंही त्यांनी सोडलं. लाईट गेली तर मला शेजारी तेजलकडे इन्व्हर्टरवर नेऊन लावायच्या, पण विझू द्यायच्या नाहीत.

बाराव्या दिवशी मी अकराला वाजलेच नाही. पावणेबाराला वाजले. दुसऱ्या दिवशी त्याहून उशिरा. वेळ कुणी बदलली? मला कुणी उघडलंच नव्हतं. मैनाबाई अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या. त्यांनी एकदा समुद्राकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, “भरतीला वाजते.”

निमेश म्हणाला, घड्याळ बिघडलं असेल. माझं घड्याळ बिघडलेलं नाही. त्याच दिवशी, भर दुपारी, माझ्या पानावर अक्षरं उमटायला लागली. फोन फळीवर, फळीजवळ कुणी नाही. एकेक अक्षर, सावकाश, एका बोटाने लिहिल्यासारखं.

‘पाणी गार हाय’

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण हात ओळखीचा होता. पुढे ते दर भरतीला यायचे. कधी एक शब्द, कधी नुसतं ‘मैने’. लिहून झालं की मी वाजायची, आणि बाहेर मैनाबाईंना दिसायचं तेवढंच, ‘एक आठवण’. त्यांचा चेहरा उजळायचा. हाक आली असं त्यांना वाटायचं.

गेल्या पौर्णिमेला उधाण होतं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यात लांब लिहिलं. ‘चार्जिंग’मधला रफार शोधायला नेहमीसारखेच थांबले.

‘मैने फोन बंद कर. तू चार्जिंगला लावतेस तवर मला दर भरतीला यावं लागते. मी लय दमलो.’

आणि मी वाजले. मैनाबाई धावत आल्या, ‘एक आठवण’ बघितली, आणि चार्जरची पिन नीट बसलीय ना ते चाचपून गेल्या.

काल चारुता आली होती. यंत्रणेची नवी आवृत्ती निघालीय, त्यात मला काढून सवतीला घेतलंय. निवडलं तिनेच. मला वाईट वाटलं, पण तिला बोल लावणार नाही. ती आईजवळ बसली आणि खरं तेच बोलली. फोन एकदा बंद केला तर आकडा घातल्याशिवाय परत वाजणार नाही. तरी बंद करावा असं तिला वाटतं. सहा महिने झाले. तिचा अंगठा बाजूच्या बटणावर होता. दाब, दाब पोरी, मी मनात म्हणत होते. माझं काय व्हायचं ते होवो.

मैनाबाईंनी फोन तिच्या हातातून काढून घेतला.

“ते येतात गो,” त्या म्हणाल्या. “मी बंद केला तर कुठं येतील?”

त्यांनी काच पुसली आणि मला परत चार्जिंगला लावलं.

म्हणून तुम्हाला सांगतेय. कधी दांडीला गेलात तर मैनाबाईंचं घर विचारा, कुणीही दाखवेल. त्यांना सांगा, फोन बंद करा, मारुती दमलेत. माझं नाव सांगू नका, एवढी लाज राखा. आणि जाणार असाल तर लवकर जा. पाणी चढायला लागलंय, आणि माझ्या पानावर ‘मै’ उमटलाय.