हिरवी पुडी आणि लाजाळू आत्मा

यान गुरुजी कारखान्यात शिरले तेव्हा जोडणी विभागातली बावीस माणसं पाने-पक्कडी खाली ठेवून यंत्राभोवती कोंडाळं करून उभी होती. तैवानमधल्या ताइचुंग शहराबाहेरच्या या कारखान्यात अननस सोलून कापायची यंत्रं बनतात. उद्या सकाळी रवाना व्हायच्या यंत्राचा पडदा कालपासून मिट्ट काळा होता. गुरुजींच्या एका हातात उदबत्त्या होत्या, दुसऱ्यात पितळी घंटा.

शिऊ-ल्यान मागे एका खोक्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. यंत्रांतल्या संगणकांचं सगळं काम एकोणीस वर्षं तिच्याकडे होतं. एवढ्या काळात तिनं इथे दोन पुजारी, एक ज्योतिषी आणि दिशा बघणारा एक म्हातारा पाहिला होता. पहिल्या वेळी ती भांडली होती. आता रागही येत नसे, नुसती पाठ दुखायची.

गुरुजींनी यंत्राच्या पोटावर तळहात टेकला. "गार आहे," ते म्हणाले. "आत्मा निघून गेलाय. संगणक म्हणजे काय असतो? यिन आणि यांग. शून्य आणि एक. यातला एक गेला, शून्य मागे राहिलं. म्हणून पडदा काळा."

"बघा," कुणीतरी हळूच म्हणालं, "इतकं सोपं करून कॉलेजातसुद्धा कुणी सांगत नाही."

मग गुरुजींनी यंत्रावरची हिरवी पुडी उचलली. इथे जिथे जिथे संगणक, तिथे तिथे ही नारळाच्या चवीच्या खाऊची पुडी. तिच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा. ती हिरवीच हवी, फोडायची नाही, आणि तारीख उलटायच्या आत बदलायची. शिऊ-ल्यानही ठेवायची. हसत ठेवायची, पण ठेवायची.

"तारीख वाचा," गुरुजी म्हणाले.

जिआन मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नऊ दिवस झाले उलटून."

बावीस डोकी शिऊ-ल्यानकडे वळली.

"ल्यान, हे तुझ्याकडे होतं ना?"

"होतं, मालक. पण पडदा पुडीमुळे गेलेला नाही. संगणक चालू आहे, आत्ता या वायरीतून माझ्याशी बोलतोय. आपण गाभा नवा घातला, त्यात पडद्याचा भाग आलेला नाही. मला सापडलंय. तासभर द्या."

"कालपासून तू तासभरच मागते आहेस," मालक म्हणाले. ते खरंच होतं.

गाभा, म्हणजे कर्नेल, हा संगणकाच्या पोटातला मुकादम. कुणाचं काम आधी आणि कुणाचं नंतर, हे तो ठरवतो. या यंत्रावर एक कॅमेरा आहे. पात्याजवळ हात दिसला की त्याच्या निरोपानं पातं थांबतं. जुना मुकादम ढिला होता. कामाची गर्दी झाली की तो कॅमेऱ्याचा निरोप कधीकधी अर्धा सेकंद खिशातच ठेवायचा. मार्चमध्ये डबेबंद अननसाच्या कारखान्यात एका बाईच्या बोटाचं पेर गेलं, ते या अर्ध्या सेकंदापायी. म्हणून शिऊ-ल्याननं तीन आठवडे खपून नवा गाभा बांधला होता. उद्याचं यंत्र त्याच कारखान्यात जायचं होतं आणि सोमवारपासून त्याच्यासमोर उभी राहणार होती फांग, इथल्या आ-क्वेन फिटरची बायको.

गुरुजींना बोलावून आणलं होतं ते आ-क्वेननंच.

"ल्यान, तू शिकलेली आहेस, मान्य," तो म्हणाला. "पण माझ्या मेव्हण्याच्या छापखान्यातला संगणक असाच मेला होता. गुरुजींनी एका घंटेत उठवला. तू जरा गप्प बस बाई."

तिनं पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

"सगळ्यांनी पाठ फिरवा," गुरुजी म्हणाले. "डोळे मिटा. आत्मा लाजाळू असतो. परत येताना कुणी टक लावून बघितलं तर दारातूनच माघारी फिरेल, मग मला बोल लावू नका."

बावीस माणसं वळली. मालक वळले. त्यांनी डोळे वटारले म्हणून शिऊ-ल्यानही वळली. घंटा घणघणू लागली, मंत्र सुरू झाला. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याचा पंख्याचा आवाज तिनं ओळखला. मग घंटेच्या दोन ठोक्यांमध्ये कळफलकाची कळ वाजली. टक. टक. आणि तिसऱ्यांदा जरा जोरात, टक.

"या आता," गुरुजी म्हणाले.

पडदा लख्ख उजळला होता. त्याच्या खालच्या कोपऱ्यावर लाल अक्षरांचा पिवळा कागद चिकटवलेला होता. "हा एकोणपन्नास दिवस काढायचा नाही," गुरुजींनी बजावलं. लोकांनी हात जोडले. मालकांनी दोन्ही हातांनी दक्षिणेचं लाल पाकीट पुढे केलं. आ-क्वेननं बाहीनं डोळे पुसले.

काय झालं ते शिऊ-ल्यानला कळलं होतं. घरी जावं, असंच तिला वाटलं. पडदा उजळला, मालक खूश, तिची चूक त्या कागदाखाली झाकली गेली. उद्या यंत्र गेलं की कुणी तिला काही विचारणार नव्हतं. ती लॅपटॉप मिटत होती तेवढ्यात आ-क्वेनचं फोनवरचं बोलणं तिच्या कानावर आलं. "फांग, आता घाबरायचं कारण नाही. गुरुजींचा हात लागलाय यंत्राला. बिनधास्त काम कर."

तिनं लॅपटॉप परत उघडला. मग तो बाजूला ठेवून ती खाणावळीत गेली आणि मुळ्याचे तुकडे भरलेला एक रबरी हातमोजा घेऊन आली.

"मालक, चाचणी घेऊ. यंत्र पूर्ण वेगात चालवू. अननस घालत राहायचे आणि मधूनमधून हा हात."

"पहिल्याच दिवशी यंत्राला छळू नये," गुरुजी म्हणाले. "आत्मा अजून कोवळा आहे."

"सोमवारी फांग छळणारच आहे. अननस काय स्वतः चालत जातात पात्याकडे?"

आ-क्वेननं फोन खिशात टाकला. "करा चालू," तो म्हणाला.

पहिल्यांदा हातमोजा आत गेला, पातं जागच्या जागी थांबलं. दुसऱ्यांदा थांबलं. सहाव्या खेपेपर्यंत थांबत राहिलं आणि गुरुजींच्या चेहऱ्यावर हसू आलं. सातव्या खेपेला पट्ट्यावर अननसांची रांग होती. पातं थांबलं, पण जरा उशिरा. हातमोज्याची दोन बोटं मुळ्यासकट खालच्या ताटात पडली.

आ-क्वेन ताटाकडे बघत राहिला.

शिऊ-ल्याननं पिवळा कागद ओरबाडून काढला. "इथे गाभ्याचा क्रमांक दिसतो. मी घातलेला सहावा. हा पाचवा आहे, जुना. नवा रुसला तर हाताशी असावा म्हणून जुना आपण पुसत नाही. यंत्र सुरू होताना दोघांची यादी पाच सेकंद पडद्यावर येते. खालचा बाण दाबून जुना निवडायचा, एवढाच मंत्र. आ-क्वेनदादा, तुम्हीच करा. डोळे उघडे ठेवा."

आ-क्वेननं यंत्र सुरू केलं. नवा गाभा घेतला, पडदा काळा. परत सुरू करून जुना घेतला, पडदा लख्ख. त्यानं ते तीनदा केलं. घंटा टेबलावरच पडून होती.

"गुरुजी, आधी संगणक दुरुस्तीचं दुकान होतं का तुमचं?" त्यानं विचारलं.

गुरुजींनी दुसरीकडे वेळ दिलेली होती. ते मागच्या दारानं गेले.

"मग चूक कुणाची म्हणायची?" मालकांनी विचारलं.

"माझी," शिऊ-ल्यान म्हणाली. "गाभा बांधताना हजारो ओळींच्या यादीत काय हवं त्यावर खूण करावी लागते. पडदा चालवणाऱ्या भागावर खूण करायला मी विसरले. मघाशीच असं सांगायला हवं होतं. एकोणीस वर्षांत इथे 'चुकलं माझं' असं मी कुणाकडून ऐकलं नाही, आणि मीही म्हणाले नाही. आपण पुडीवर ढकलतो, आत्म्यावर ढकलतो. मग तो आत्मा परत आणून देणारा कुणीतरी दारात येतोच. यंत्रातून आत्मा जात नाही हो. कुणाच्या तरी हातून काहीतरी राहिलेलं असतं, ते बसून शोधावं लागतं. आणि पाठ फिरवा म्हणणाऱ्याला आधी विचारा, का फिरवायची?"

मालकांनी मान खाली घातली. "बांध पुन्हा," ते म्हणाले.

पन्नास मिनिटं लागली. नव्या गाभ्यावर पडदा उजळला आणि कोपऱ्यात सहावा क्रमांक दिसला. या वेळी कुणी हात जोडले नाहीत. आ-क्वेननं नवा हातमोजा भरला आणि पूर्ण वेगातल्या यंत्रात शंभर वेळा घातला. शंभरही वेळा पातं वेळेवर थांबलं. बाकीचे एकेक करून घरी निघून गेले.

"ल्यान," तो म्हणाला, "माझा विश्वास बसलाय गं. पण अजून शंभर वेळा करायचं का?"

शिऊ-ल्यानची पाठ मोडून आली होती.

"विश्वास राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही हात घाला, मी मोजते."