ओला कुत्रा

शेंबूड घट्ट असला तर परवडतो, तो निदान जागचा हलत नाही. पातळ असला की नाकातून ओठावर येतो, ओठावरून जिभेवर जातो, आणि उरलेला आपल्या बाहीला पुसला जातो. नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात मला एवढं ज्ञान मिळालं.

नोकरी बालवर्गात मदतनिसाची. पूर्वी मी एका वास्तुविशारदाकडे घरांचे नकाशे काढायचे. मग मुलगी झाली, ती शाळेत जायला लागते न लागते तोच सासरे अंथरुणाला खिळले. ते गेल्यावर मी पुन्हा नकाशांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. तिथे पोरंपोरी पडद्यावर घरं बांधत होती आणि मी कुणाची तरी आई डबा द्यायला आलेय अशा नजरेने माझ्याकडे बघत होती. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून ही शाळा धरली. "सत्र संपेपर्यंत काम बघू, मग पक्कं करू," मुख्याध्यापिका म्हणाल्या. मला ते पक्कं व्हायला हवं होतं. सकाळी घराबाहेर पडायला कारण हवं होतं, आणि 'दिवसभर काय करतेस?' असं कुणी विचारलं तर तोंडावर मारायला उत्तर हवं होतं.

"तुला काय कठीण? घरी हेच तर करत होतीस," नवरा म्हणाला.

"वासरांत लंगडी गाय शहाणी," जाऊबाई हसत म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला या सगळ्याची किळस येते. सासऱ्यांचं करताना यायची, स्वतःच्या मुलीचं करतानाही यायची. सवयीने किळस मरते असं लोक म्हणतात. मरत नाही, ओकारी गिळायची तेवढी सवय होते. शाळेत हातमोजे घातल्याशिवाय मी कशाला हात लावत नसे. कोपऱ्यातली कचऱ्याची बादली तर पायानेच सरकवायची.

वर्गाच्या बाई माझ्या भाचीच्या वयाच्या. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणायची आणि मला छोट्या बाई. पालक वर्ग बघायला येणार होते, तेव्हा भिंतीवर लावायच्या कागदांना मी पट्टी न घेता सरळ चौकट काढली. मोठ्या बाई बघतच राहिल्या.

"काय हात आहे हो तुमचा!"

किती वर्षांनी कुणीतरी माझ्या हाताबद्दल बोललं होतं. मी हरखले, आणि तिथेच फसले.

"मग मुलांची चित्रं जरा नीट कराल? बाहेरच्या रेषा तेवढ्या. वरच्यांनी भिंत बघितली की तुमचं पक्कंच समजा."

रेषांवरून रंगांवर आलो, रंगांवरून कोऱ्या कागदावर. मुलं घरी गेली की मी त्यांची घरं, झाडं, सूर्य पुन्हा काढत बसायचे, आणि खाली मोठ्या बाई त्यांची नावं घालायच्या. मुद्दाम एखादी रेष वाकडी काढा, म्हणजे खरं वाटतं, हेही त्यांनीच शिकवलं. वर्गात एवढी घाण उपसली, पण अंगावर काटा आला तो या स्वच्छ कामाने. तरी मी ते करत राहिले. पक्कं व्हायचं होतं ना.

वर्गात एक घुम्या होता. तोंडातून शब्द काढायचा नाही, नाकातून मात्र अखंड धार. सगळ्यांची चित्रं एका तासात व्हायची, त्याचं आठवडाभर चाललं होतं. बोटांनी रंगवायचा, रंग सुकला की त्यावर थुंकायचा आणि पुन्हा चोळायचा. कागदावर तपकिरी चिखल झाला होता आणि त्याला वास मारत होता. मी नाक दाबून विचारलं, "हे काय आहे?"

"आमचा कुत्रा," तो म्हणाला. "ओला झालाय."

एवढं एकच वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं होतं. पालक यायच्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी तो कागद चिमटीत धरून बादलीत टाकला, आणि मी काढलेला कुत्रा भिंतीवर लावला. गळ्यात लाल पट्टा, मागे कौलारू घर, अंगावर एक थेंब नाही.

पालक आले. घुम्याची आई भिंतीसमोर उभी राहून फोटो काढायला लागली. "केवढा गोड कुत्रा काढलास रे!"

"हा आमचा नाही."

"असं काय? तुझं नाव आहे ना खाली."

"लाजतोय तो," मोठ्या बाई म्हणाल्या.

तो लाजत नव्हता. तो भिंतीवरचा एकेक कागद शोधत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, आणि मग माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"माझा कुठेय?"

मुख्याध्यापिका दारातच होत्या. मोठ्या बाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. 'हाच तुझा' एवढं म्हटलं की माझं पक्कं होतं. तोंड उघडलं आणि मला खरीच ओकारी आली, शेंबूड बघूनही आली नव्हती अशी. हातमोजे टेबलावर पडले होते, पण ते घालत बसले असते तर माझा धीर सुटला असता. मी बादलीत कोपरापर्यंत हात घातला. नाक पुसलेले कागद, केळ्याची सालं, चघळून थुंकलेली बिस्किटं, आणि त्याखाली तो. मी तो बाहेर काढला आणि भिंतीवर, माझ्या कुत्र्याच्या शेजारी लावला.

"हा तुझा. तो मी काढलाय. हे सगळे मीच काढलेत."

कागदावरून काहीतरी ओघळून जमिनीवर पडलं.

"शी!" घुम्याची आई म्हणाली. मग तिने दोन्ही चित्रं नीट पाहिली, आणि माझा कुत्रा भिंतीवरून अलगद काढून पर्सला टेकवून धरला. "आम्ही हाच नेतो. निदान घरात लावता तरी येईल."

घुम्याने आपल्या चिखलाच्या कागदाकडे हात नेला, तर तिने त्याचा हात झटकला.

मुख्याध्यापिकांनी मला बाजूला बोलावलं. "तुम्हाला लहान मुलांचं काम जमेलसं वाटत नाही," त्या म्हणाल्या, आणि माझा हात अंगाला लागू नये म्हणून दोन पावलं मागे सरकल्या. मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं." उद्यापासून यायचं नव्हतं.

मी पिशवी उचलली तेव्हा घुम्याची आई मोठ्या बाईंशी बोलत होती. घुम्या भिंतीपाशी गेला, टाचा उंचावून त्याने तो कागद ओढला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून माझ्याकडे आणला.

"तुम्ही घरी न्या," तो म्हणाला. "आणि त्याला पुसा. ओला आहे तो."

घरी नवऱ्याने दार उघडलं आणि नाकाला हात लावला. "हे काय आणलंस? काय वास आहे!"

"बाजूला हो," मी म्हटलं, आणि कपाटातून धुतलेला टॉवेल काढला.