क्षिप्राने तपासलेलं कॉलेज

माझी मुलगी कॉलेजांना मार्क देते. म्हणजे कॉलेजांना नाही, त्यांच्या वेबसाइटना. बेलापूरला तिचं ऑफिस आहे. तिथली मंडळी दिवसभर कॉलेजांच्या आणि मोठ्या माणसांसाठी चालणाऱ्या कोर्सेसच्या साइट उघडून बसतात, कुठली खरी आणि कुठली बनावट ते ठरवतात आणि त्याप्रमाणे तारे देतात. लोक ते तारे बघून ॲडमिशन घेतात. क्षिप्रा बरेच दिवस घरूनच काम करते, त्यामुळे आमच्या नेरूळच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल आता नावालाच जेवणाचं आहे.

या कामात मीही होते. बिनपगारी आणि फुल अधिकारी. साइटवर दिलेल्या नंबरवर फोन लावून बघणं हा त्यांच्या तपासणीतला सगळ्यात मोलाचा भाग. क्षिप्राने फोन केला की समोरचा दोन वाक्यांत सावध व्हायचा, कारण तिचा आवाज लहानपणापासून इन्स्पेक्टरचा. मी केला की "बोला ना काकू" म्हणून तो सगळं ओकायचा. भाचीला ॲडमिशन घ्यायचीय, शिकवायला कोण कोण असतं, एवढं विचारलं की पुरे. एका कॉलेजचा फोन टायरच्या दुकानात वाजला होता. एका साइटवर खारघरच्या कॉलेजची लायब्ररी म्हणून जो फोटो लावला होता, त्यात खिडकीबाहेर बर्फ पडत होता. तो बर्फ मी पकडला, क्षिप्राने नाही. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

तिच्या शेजारी बसून मी पुष्कळ शिकले. शिक्षकांची नावं आणि शिक्षण दिलंय का बघायचं. मान्यतेचा क्रमांक सरकारी साइटवर जाऊन पडताळायचा. पत्ता नकाशावर टाकायचा. "शंभर टक्के निकाल" असं लिहिलं असेल तर तिथेच कान टवकारायचे. आणि शेवटी फोन. कॉलेज आतून कसं आहे ते फोनवरच कळतं, असं क्षिप्रा म्हणायची, आणि मला तिचा अभिमान वाटायचा. अजून लिहिताना तोच शब्द येतोय, त्याला काय करू.

आता माझ्याबद्दल. सीवूड्सला, करावे गावाच्या तोंडाशी एक बालवाडी आहे. तिथे मी मदतनीस. मुलांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, रडणाऱ्याला कडेवर घेऊन अंगणात फिरवायचं. शिकवायचं काम टीचरचं. टीचर दर वर्षी बदलायच्या, मी तिथेच. नवी टीचर आली की मुलं कशी गप्प बसतात हे तिला मीच शिकवायचे आणि ती मला "मावशी, जरा फडकं आणा" म्हणायची. याचा मला राग यायचा. फडकं आणून द्यायचे, पण राग यायचा.

जाहिदा मॅडमना तो दिसत असावा. त्या आमच्या मुख्याध्यापिका, मूळच्या उरणजवळच्या मोऱ्याच्या, बोलायला तुटक पण आतबाहेर काही नाही. मागच्या वर्षी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"अरुणाताई, ज्युनियरची टीचर चाललीय सोडून. पोरं तुमचंच ऐकतात, ते मला दिसतं. पण बालशिक्षणाचा डिप्लोमा पायजे, नायतर ट्रस्ट ऐकणार नाय. वर्षात करून आणा. तोपर्यंत मी कसंतरी रेटते. मग वर्ग तुमचा."

वर्ग तुमचा! एफवायला असताना लग्न झालं आणि माझं शिक्षण तिथेच थांबलं. त्यानंतर मला कुणी काही शिकायला सांगितलंच नव्हतं. मी घरी आले ती थेट क्षिप्राच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. तिने दोन दिवस घेतले आणि "प्रौढप्रकाश अकादमी" असं नाव सांगितलं. घरबसल्या डिप्लोमा.

"तपासलंस ना नीट?" मी विचारलं.

"आई, मी करते काय दिवसभर? डोळे झाकून घे."

मी डोळे झाकून घेतलं. जगभरच्या कॉलेजांना फोन लावणारी मी, माझ्या स्वतःच्या कॉलेजला एकदाही फोन लावला नाही. पोटच्या मुलीने तपासल्यावर परत तपासणं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

ते वर्ष माझं होतं. लॉगिन सगळं क्षिप्राकडे, पुस्तकांच्या प्रिंटही तीच काढून आणायची. मी कुकर लावून वाचायचे, बालवाडीतून आले की वाचायचे. मूल बोलायला कसं लागतं, चिडतं का, चावतं का. इतकी वर्षं जे रोज बघत होते त्याला नावं आहेत हे कळल्यावर मला कुणीतरी मखरात बसवल्यासारखं वाटलं. माझा नवरा नंदकिशोर उरणला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर आहे. तो दमून घरी आला की त्याला पाणी देण्याआधी मी मुलं का चावतात ते समजावून सांगत होते. त्याने बिचाऱ्याने सगळं ऐकलं.

शेवटी प्रोजेक्ट होता. विषय आपला आपण निवडायचा. मी करावे गावातल्या मुलांवर केला. आमच्या वर्गात ही मुलं "अ अननसाचा" म्हणताना नुसती बघत बसतात, टीचर त्यांना मठ्ठ समजतात. मी त्यातल्या एकाच्या आजीकडे, वेणूबाईंकडे जायला लागले. त्या जाळं विणत बसायच्या, मी शेजारी.

"आमचा पोर पयला निवटी वलखतो, मंग तुमचा अननस," त्या म्हणाल्या. "अननस त्यानं खाल्ला हाय का कदी? खाडीत चिखलान उड्या मारनारी निवटी त्यानं रोज बगितलीन."

मी त्यावर लिहिलं. निवटी मासळीपासून, खेकड्यापासून, भरती-ओहोटीपासून अक्षरं कशी शिकवता येतील, प्रत्येक अक्षराला खाडीतलं काय घेता येईल. चित्रं काढली. मला चित्रं येत नाहीत, तरी काढली. सगळं हाताने, सुवाच्य, कारण माझं इंग्लिश टायपिंग बेताचं आणि मराठी त्याहून. क्षिप्राने ते स्कॅन करून पाठवलं. काही दिवसांनी ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, परीक्षकांचा शेरा आलाय. ऐक. निरीक्षण अतिशय सूक्ष्म असून विद्यार्थिनीची कळकळ पानोपानी जाणवते."

मी तिला तो परत वाचायला लावला. मग नंदकिशोर आल्यावर परत. पानोपानी या शब्दाशी मी किती वेळ अडकून होते ते सांगत नाही, लाज वाटते.

परीक्षा टेबलावरच झाली, कॉम्प्युटरवर टिकमार्क करायची. डिस्टिंक्शन मिळालं. नंदकिशोरने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, लिफ्टमध्ये लोक अभिनंदन करायला लागले. क्षिप्राने केक आणला. सर्टिफिकेट घेऊन मी जाहिदा मॅडमकडे गेले, साडी नेसून.

त्यांनी ते हातात घेतलं, खूश झाल्या, उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "बसा. आपल्याकडे नियम आहे, कोणाचंही सर्टिफिकेट असू दे, एक फोन करायचा. फॉर्मॅलिटी. टेन्शन नको."

"करा ना, मॅडम," मी म्हणाले. मला तर गंमतच वाटली. फोनचं कुणी मला सांगावं!

त्यांनी सर्टिफिकेटवरचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. मी ऐकावं म्हणून, कौतुकानेच.

"प्रौढप्रकाश. शिवतेज सर बोलतोय."

"एक सर्टिफिकेट व्हेरिफाय करायचं होतं. उमेदवाराचं नाव..."

"नाव कशाला मॅडम? एकदम ओरिजिनल आहे. आमची सगळी ओरिजिनलच असतात."

जाहिदा मॅडमनी माझ्याकडे बघितलं. माझं तोंड सवयीनं आपोआप सुरू झालं. मी फोनकडे वाकले. "अहो सर, माझ्या भाचीला करायचाय हो हा डिप्लोमा. अभ्यास फार असतो का?"

"बोला ना काकू! अभ्यास कसला? आठवड्यात हातात देतो. परीक्षा आपण इथूनच भरून टाकतो. फर्स्ट क्लास पायजे की डिस्टिंक्शन, तेवढं बोला."

"आणि प्रोजेक्ट?"

"प्रोजेक्ट नसतो."

"पण कुणी लिहून पाठवला तर? हाताने?"

तो हसला. खरंच मोकळेपणाने हसला. "कोण लिहितंय, काकू!"

जाहिदा मॅडमनी फोन बंद केला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "अरुणाताई, तुमाला माहीत होतं?"

"नाही हो. शपथ."

"पण तुमच्या मुलीचं तर हेच काम ना?"

मी सर्टिफिकेट उचललं आणि निघाले. आणि ऐका, त्या क्षणी माझ्या डोक्यात माझा वर्ग नव्हता, डिप्लोमा नव्हता. माझी क्षिप्रा फसली, एवढंच होतं. इतक्या हुशार मुलीला या भामट्याने गंडवलं, ऑफिसात कळलं तर तिची नोकरी जाईल. रिक्षात बसून मी तिची बाजू रचत होते. तिचे साहेब विचारतील तेव्हा काय सांगायचं तेही ठरवलं. मी अशी आई आहे आणि याबद्दल मला कुणाचंही ऐकायचं नाही.

ती टेबलाशीच बसली होती. मी दारातूनच सगळं सांगितलं, धापा टाकत, शिवतेज सर, ओरिजिनल, भाची, सगळं. मला वाटलं ती ताडकन उठेल. नंबर मागेल, काय म्हणाला, कुठल्या शब्दांत म्हणाला, खोदून खोदून विचारेल. ती विचारतेच, तो तिचा धंदा आहे. ती उठली नाही.

"तू मॅडमना फोन का करू दिलास?" तिने विचारलं.

एवढंच. आणि मला कळलं. तरी तिच्या तोंडून ऐकेपर्यंत मी चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली, पाणी प्यायले. आपण सगळे असंच करतो.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"आई, बस ना आधी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. आमच्याकडे त्यांना एकही तारा नाही. मीच शून्य दिलंय."

"मग मला तेच दिलंस? जाणूनबुजून?"

"तुझ्यासाठीच दिलं." ती रडायला लागली, पण बोलायची थांबली नाही. "खरी कॉलेजं बघितली होती मी. चांगली होती दोन-तीन. पण त्यांचे पेपर बघ ना, मानसशास्त्र, सगळी पुस्तकं इंग्लिशमधली, प्रॅक्टिकल. शिकलेल्या मुली नापास होतात तिथे. तू वर्षभर राबली असतीस आणि नापास झाली असतीस, आणि सगळ्या सोसायटीला कळलं असतं. मला ते बघवलं नसतं. म्हटलं, बालवाडी तर आहे, सर्टिफिकेट फाइलला लावतील, तुला वर्ग मिळेल, तू खूश. कोण बघतंय?"

"बाबांना माहीत होतं?"

"नाही. बाबांच्या पोटात राहिलं असतं का? पुस्तकं, प्रोजेक्ट, परीक्षा, सगळं मी एकटीनेच जुळवलं."

"आणि तो शेरा? कळकळ पानोपानी?"

ती टेबलावरचा माउस इकडून तिकडे सरकवत राहिली.

"तू लिहिलास. बरं. निदान वाचून लिहिलास का?"

"वाचणार होते आई. तेव्हा ऑफिसचं खूप होतं. राहून गेलं."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. लहानपणी कधी हात उगारला नाही तिच्यावर, आणि आता हात नुसता शिवशिवत होता. एक शब्द वाचला नाही. वेणूबाईंची निवटी, खेकडे, माझी ती वाकडीतिकडी चित्रं, यातलं काही या घरातल्या कुणी बघितलेलं नाही. मी ज्या शब्दावर तरंगत होते तो माझ्याच मुलीने, भाजी चिरता चिरता ऐकायला बरा वाटेल म्हणून टाकलेला होता. भामट्या शिवतेजचा मला राग आला नाही. तो निदान मला ओळखत नव्हता.

क्षिप्रा उठून माझ्याजवळ आली. जाहिदा मॅडमना मी भेटते, म्हणाली, सगळी चूक माझी आहे असं सांगते. आता खरं कॉलेज बघू, या वेळी नीट तपासून देते. ती तपासून देणार होती!

"नको," मी म्हणाले. "मी शोधीन. फोनही मीच करीन."

"पण तिथे परीक्षा..."

"देईन."

तिने नाक पुसलं. मग अगदी लहान आवाजात, मला दुखवायचं नाही अशा बेताने तिने विचारलं, "आई, राग नको धरू, पण एक सांग. तुला खरंच वाटत होतं का, की खऱ्या ठिकाणी तू पास झाली असतीस?"

"हो," मी म्हणाले.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला नवल वाटलं होतं. चेष्टा नव्हती त्यात, दया नव्हती, नुसतं साधं, खरं नवल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं असं. जाहिदा मॅडमसमोर मी उद्या पुन्हा उभी राहीन, नव्या टीचर फडकं आणा म्हणाल्या तर फडकं आणीन, सोसायटीत काय सांगायचं तेही बघून घेईन. पण माझ्या मुलीच्या तोंडावरचं ते नवल मी बघितलंय, आणि ते आता कुठे ठेवू?